पडदा काळा पडू नये म्हणून

माझा भाऊ लिहितो आणि मी मोडते. आमचं घर यावर चालतं.

ज्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड सगळ्यांना खुला असतो, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा, तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. पडद्यावर चित्र काढणारी जी ग्राफिक्सची चिप असते, तिची भाषा या कर्नलला येत नाही. मध्ये दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणायचं. जुन्या चिपांचे जुने, ठिगळं लावलेले ड्रायव्हर नव्याने लिहून काढायचं काम भावाच्या कंपनीने घेतलं होतं. तो एकेक लिहायचा आणि मी तो जुन्या मशीनवर चढवून मशीन रडेपर्यंत पिदडायचे. तावून सुलाखून निघाला की पॅचच्या, म्हणजे पाठवायच्या बदललेल्या कोडच्या, खाली एक ओळ जायची, 'तपासले', आणि तिच्यापुढे माझं नाव. त्या जगात ही रीतच आहे. लिहिणाऱ्याचं नाव वेगळं, तपासणाऱ्याचं वेगळं, आणि दोन्ही कायमची राहतात.

सकाळी दिवा लावल्यावाचून मी मशीनला हात लावत नाही, आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते पाहिलं म्हणत नाही. भाऊ यावरून चिडवायचा. "ताईचं नाव मिळवणं म्हणजे देव प्रसन्न करून घेणं. त्यापेक्षा कोड लिहिणं सोपं." लहानपणी घरातली घड्याळं उघडून ठेवायचा म्हणून त्याला आम्ही खटप्या म्हणायचो, आणि चाळिशी आली तरी ते नाव सुटलेलं नाही.

पुढच्या खोलीत खिडकीखाली त्याचं टेबल, भिंतीला फळीवर उघडीबोडकी मशीनं, आणि त्यांच्यासमोर आमच्या वडिलांची, नानांची, आरामखुर्ची. नाना उभा जन्म सिनेमाच्या थेटरात ऑपरेटर होते. थेटर बंद पडलं, पण पडद्यासमोर बसायची सवय गेली नाही. आमच्या मशीनांवर चालणाऱ्या चाचण्यासुद्धा ते सिनेमा बघावा तशा बघायचे. "आज काय लागलंय?" असं विचारून खुर्चीत बसायचे आणि कंटाळा आला की म्हणायचे, "हिरॉइन कधी येणार?"

त्या वेळी जी चिप हातात होती, तिला एक खोड होती. पडद्याच्या डाव्या कडेला केसाएवढी जांभळी रेघ उमटायची. खटप्याने डोकं आपटून पाहिलं, पण ती खोड चिपच्या हाडातच होती. दुसरी खोड मोठी होती. कधी कामाचा बोजा पडला, कधी उगाचच, चिप घुसमटायची. मग जुना ड्रायव्हर हात वर करायचा. पडदा ठार काळा व्हायचा, चाललेले सगळे प्रोग्राम धडाधड बंद पडून पुन्हा सुरू व्हायचे. ज्या मशीनला भोंगा होता, ते भोंगा वाजवायचं. खटप्याला याची अगदी लाज वाटायची. त्याच्या लोकांत काळा पडदा म्हणजे चारचौघांत धोतर सुटणं.

त्याने नव्या ड्रायव्हरात शक्कल लढवली. चिप घुसमटली की शेवटचं चित्र पडद्यावर तसंच धरून ठेवायचं, मागच्या मागे चिपला रीसेट करायचं, आणि प्रोग्रामांना सांगायचं, जरा थांबा, आलोच. चिप उठली की गाडी पुढे चालू.

"नाना, हे बघा," असं म्हणून त्याने एका मशीनवर नदीतल्या होडीचं चित्रण लावलं आणि चिपला मुद्दाम चुकीची आज्ञा दिली. होडी किंचित अडखळली आणि चालू लागली.

नानांनी टाळी वाजवली. "वा रे पठ्ठ्या! हे मला तेव्हा मिळालं असतं तर! रीळ तुटलं की पडदा जायचा आणि खाली शिट्ट्या. आया-बहिणी निघायच्या माझ्या. गाढ झोपेत असलो तरी शिट्टी ऐकली की मी उठून धावायचो. अजून उठतो, हिला विचार."

"उठतात," मी म्हटलं. रस्त्यावर कुणी शिट्टी मारली तरी नाना खुर्चीतून ताडकन उभे राहायचे.

"चित्र तुटलं तरी बघणाऱ्याला कळता कामा नये," नाना म्हणाले. "तीच कारागिरी."

खटप्याची छाती फुगली. नानांनी त्याच्या कामाला कारागिरी म्हटल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

मी माझ्या परीने मोडायला बसले. पडद्यावर सेकंदकाट्याचं घड्याळ लावलं आणि चिपला एकामागून एक फटके देत राहिले, असे की तिने उठायचा प्रयत्न करावा आणि पुन्हा पडावं. चाचणी लावून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. परत आले तेव्हा घड्याळ दिसत होतं. स्वच्छ, तजेलदार, कुठे ओरखडा नाही. मी खुर्चीवर बसून थोडा वेळ बघत राहिले. काटा हलत नव्हता. मी कपडे वाळत घालत होते तेव्हापासून तो तिथेच होता. पडद्यावरचं जग केव्हाच मेलं होतं, फक्त त्याचे डोळे कुणी मिटले नव्हते.

"खटप्या, चिप उठलीच नाही तर काय होतं?"

"पुन्हा प्रयत्न करतो."

"आणि तरीही नाही उठली तर?"

"पुन्हा." त्याने मान वर केली नाही. "उठते गं ती."

"नाही उठली. आणि प्रोग्राम?"

"वाट बघतात."

"म्हणजे सगळं थांबलंय आणि बघणाऱ्याला पत्ताच नाही."

आता त्याने खुर्ची वळवली. "ताई, तू आधी दगडाखाली हात घालणार आणि मग दुखतोय म्हणणार. इतके फटके खऱ्या जगात कोण मारतं चिपला? लाखात एकदा होईल. त्या एकासाठी सगळ्यांना काळा पडदा दाखवू?"

जुन्या ड्रायव्हरची राखण करणारा एक म्हातारा होता. कर्नलवर काम करणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर त्याच्या नावापुढे घुबडाचं चित्र असायचं, म्हणून आम्ही त्याला घुबडकाका म्हणायचो. त्याने लिस्टवर विरोध केला, आणि कुणी ऐकेना तेव्हा एके दिवशी दुपारी थेट कॉल लावला. पडद्यावर त्याचा चेहरा आला, मागे खोक्यांचा ढीग.

"काळा पडदा ठेव, बाळा," तो म्हणाला. "चिप एकदा उठली नाही की चित्र सोडून दे."

"काका, लोक शिव्या घालतात."

"घालू देत. शिव्या घालतात म्हणजे त्यांना कळलं. ही चिप स्वस्त आणि दणकट. लोकांच्या घरातून गेली, पण भिंतींवरच्या पडद्यांत बसलीय, कारखान्यात बसलीय, कुठल्या कुठल्या यंत्रांच्या पोटात बसलीय. तिकडे पडद्यासमोर कोण बसलंय आणि काय बघून काय ठरवतंय, ते तुला माहीत आहे?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"मलाही नाही. म्हणून तर घाबरतो."

कॉल संपल्यावर खटप्या हसला. "म्हाताऱ्याला स्वतःचा कोड गेल्याचं दुःख आहे." नानाही हसले. मला हसू आलं नाही.

पॅच पाठवायची वेळ आली तेव्हा त्याने सवयीने 'तपासले' लिहून माझं नाव टाकलं. मी त्याच्या खांद्यामागे उभी होते.

"माझं नाव काढ."

"काय?"

"मी जे पाहिलं ते त्यात नाहीये. काढ."

माझा आवाज मुळातच खालचा. नानांना दोनदा सांगितल्याशिवाय ऐकू जात नाही. पण त्या दिवशी खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. खटप्याने ओळ खोडली. लिस्टवरच्या कुणा उत्साही माणसाने आपलं नाव दिलं. पॅच गेला, सगळ्यांना आवडला, कर्नलच्या पुढच्या आवृत्तीत मिसळला गेला. एका संकेतस्थळाने तर लिहिलं की या चिपचा पडदा आता कधीच काळा पडणार नाही.

भाऊ माझ्याशी बोलायचा बंद झाला. कामापुरतं 'हो' आणि 'नाही'. मीही तोंड उघडलं नाही. नाना वैतागले. "घरात दोन नळ आणि दोन्ही कोरडे! अरे, भांडा तरी. मला करमणूक काय?"

पुढे नानांच्या छातीत दुखू लागलं आणि करमणुकीची कुणाला शुद्ध राहिली नाही.

ऑपरेशन झालं, पार पडलं. अतिदक्षता विभागातून त्यांना साध्या वॉर्डात आणलं. लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, शेवटी काचेची केबिन, आणि तिच्यात सिस्टरांचं टेबल. नानांच्या छातीला वायरी चिकटवून त्या एका छोट्या डबीला जोडल्या होत्या. डबी सदऱ्याच्या खिशात. ती बिनतारी संदेश पाठवायची आणि केबिनमधल्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक खाटेची एक पट्टी दिसायची, हिरवी रेघ आणि शेजारी ठोक्यांचा आकडा. काही बिघडलं तर भोंगाही तिथेच वाजायचा.

"माझा खेळ हाउसफुल आहे," नाना म्हणाले. आवाज पार खोल गेला होता. "सगळ्या पोरी माझ्या काळजाकडे बघत बसल्यात."

"गप्प पडा, नाना."

सकाळी समोरच्या खाटेवरची डबी बदलली तेव्हा मी पाहिलं होतं. वायर निघाल्याबरोबर त्या पट्टीवर मोठी तांबडी अक्षरं आली आणि भोंगा वाजला. मला बरं वाटलं. यंत्र जागं आहे असं वाटलं.

दुपारी औषधाचा कागद द्यायला केबिनमध्ये गेले. सिस्टर लिहीत होत्या. मी सहज पडद्याकडे पाहिलं. डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी जांभळी रेघ होती.

मी ती रेघ इतके महिने पाहिली होती की झोपेतही ओळखली असती.

"सिस्टर, हा पडदा कधीचा आहे?"

"जुनाच आहे हो. पण कंपनीवाले नुकतेच येऊन अपडेट करून गेले. आता झकास चालतो." त्या पेन टेकवून हसल्या. "आधी मेला मध्येच काळा व्हायचा. भोंगा वाजायचा, आणि आमची ही धावाधाव! प्रत्येक खाटेपाशी जाऊन नाडी बघा, पुन्हा सगळं जोडा. आता एकदाही नाही झाला."

मी बाहेर जिन्यापाशी जाऊन भावाला फोन लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"हॉस्पिटलच्या यंत्रांत आपला कर्नल कशाला असेल?" तो म्हणाला. "त्यांचं सगळं वेगळं असतं."

"जांभळी रेघ आहे, खटप्या."

पलीकडून कळफलकाचा आवाज आला. "यंत्राच्या तळाशी कंपनीचं नाव असेल, वाच." मी परत जाऊन वाचलं, त्याला सांगितलं. त्याने शोधलं, आणि त्याच्या श्वासावरून मला उत्तर कळलं.

"आपलाच ड्रायव्हर आहे का?"

"आहे," तो म्हणाला. "ताई, नानांची हिरवी रेघ हलतेय का?"

मी काचेतून पाहिलं. "हलतेय."

"बघत राहा. निघालोच. नजर हटवू नकोस."

मी सिस्टरांना सांगायचा प्रयत्न केला. पडदा अडकू शकतो, मग मागचा प्रोग्रामही थांबतो, म्हणून भोंगाही वाजणार नाही, असं हळू आवाजात, पुन्हा पुन्हा. त्या कंटाळल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "ताई, तुम्ही दमलात," त्या म्हणाल्या. "कंपनीच्या माणसाला फोन करते, संध्याकाळी येईल. वडिलांपाशी बसा. आम्ही बघतोय ना इथून."

ते 'बघतोय' माझ्या कानात राहिलं.

मी नानांच्या खाटेपाशी अशी बसले की केबिनही दिसावी. नानांना झोप लागली होती. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. रेघ हलत होती. शेजारच्या खाटेवर एक जाडजूड गृहस्थ होते, त्यांना घरी सोडत होते. त्यांची बायको पिशव्या भरत होती. "चपला कुठे ठेवल्यात?" "तूच ठेवल्यास." "मी का घालते तुमच्या चपला?" मी वाकून चपला खाटेखालून काढून दिल्या. एवढीच नजर हटली.

वर पाहिलं तेव्हा दुसऱ्या सिस्टर त्या गृहस्थांच्या वायरी काढत होत्या. डबी बंद करून त्यांनी ट्रेमध्ये ठेवली. मी भोंग्याची वाट बघितली. वाजला नाही. काचेपलीकडे त्या गृहस्थांची पट्टी होती तशीच होती. आकडा उत्तम, रेघेची टोकं ताठ. गृहस्थ चपला घालून दाराकडे निघाले होते आणि त्यांचं काळीज पडद्यावर मागे राहिलं होतं.

तिच्याच खाली नानांची पट्टी. सुरेख, एकसारखी, तरण्या माणसाला शोभावी अशी.

मी नानांकडे वळले. त्यांचे ओठ जांभळे झाले होते. हात उचलला तर तो चिंब होता आणि गार होता.

मी ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नव्हते, त्यामुळे कसं ओरडायचं ते ठाऊक नव्हतं. जे बाहेर पडलं त्याला शब्द नव्हते. केबिनमधल्या सिस्टर उठल्या आणि त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं. दोष देत नाही, कुणीही तेच केलं असतं. पडद्यावर सगळं ठीक होतं. त्या क्षणभर थांबल्या, मग माझ्या तोंडाकडे पाहून धावल्या. डॉक्टर आले. कुणीतरी खाटेभोवतीचा कापडी पडदा ओढला आणि मला बाहेर ढकललं. आतून छाती दाबल्याचा आवाज येऊ लागला, खाट कुरकुरत होती, कुणी आकडे मोजत होतं. आणि केबिनमध्ये नानांचं काळीज शांतपणे, ऐटीत उभं होतं.

खटप्या आला तेव्हा मी भिंतीला टेकून होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओढलेल्या कापडाकडे पाहिलं, आणि काचेतून पडद्याकडे पाहिलं. स्वतःचं काम त्याने लगेच ओळखलं. इतकं स्वच्छ चित्र दुसऱ्या कुणाचं नव्हतंच.

"ही सगळी माणसं..." तो पुटपुटला. वॉर्ड भरलेला होता. प्रत्येक खाटेची एकेक खोटी रेघ तिथे टांगलेली होती.

तो सरळ केबिनमध्ये शिरला. "अहो, आत येऊ नका! काय करताय?" असं कुणी म्हणेपर्यंत त्याने टेबलाखाली हात घालून वायर उपटली.

पडदा काळा झाला.

मग जे व्हायला हवं होतं ते झालं. सगळ्या सिस्टर ओरडल्या, नातेवाईक उठून उभे राहिले, कुणी भावाची गचांडी धरली, आणि ओरडता ओरडताच त्या बायका एकेका खाटेकडे पळाल्या आणि माणसांची मनगटं हातात घेऊ लागल्या.

खटप्याने वायर पुन्हा लावली. यंत्र सावकाश जागं झालं. पट्ट्या एकेक करून आल्या, पहिली, मग तिच्या खालची. त्या गृहस्थांच्या जागी तांबडी अक्षरं आली आणि भोंगा वाजू लागला. नानांची पट्टी रिकामीच होती. भाऊ काचेला हात टेकून उभा होता. मी पडद्याकडे बघितलं नाही. मी त्या कापडाच्या फटीकडे बघत होते.

"ताई," तो म्हणाला, "आली."

रेघ वाकडीतिकडी होती, मध्येच बुडत होती. पण कापडाआडून डॉक्टरांचा आवाजही तेव्हाच आला, की नाडी लागतेय.

नानांना परत वर, अतिदक्षता विभागात, नेलं. तिथे प्रत्येक खाटेला स्वतःचं यंत्र आणि स्वतःचा भोंगा होता. शुद्धीवर आल्यावर ते म्हणाले, "लोक ओरडत होते का गं?"

"हो, नाना."

"मला वाटलं, रीळ तुटलं. उठलो."

खटप्या खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो खाली मान घालून बाहेर गेला.

बाहेरच्या बाकावर बसून त्याने लॅपटॉप उघडला. एकदा प्रयत्न करावा, नाही जमलं तर चित्र सोडून द्यावं, पडदा काळा करावा, प्रोग्रामांना खरं सांगावं. कोड थोडकाच होता. खाली त्याने 'तपासले' लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.

"देशील?"

"घरी जाऊन आधी मोडून बघते. मग."

त्याने मान हलवली. घुबडकाकांना त्याने झाला प्रकार लिहून पाठवला होता. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. तुझा पॅच मी घेईन, पण आधीची आवृत्ती आता कुठे कुठे बसलीय ते मला विचारू नकोस.

तेवढ्यात आणखी एक मेल येऊन पडलं. अनोळखी नाव. खटप्याने वाचलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

'नवा ड्रायव्हर आमच्या सगळ्या यंत्रांवर चढवला. आधी रोज कुठे ना कुठे पडदा काळा व्हायचा आणि आमची माणसं तपासायला पळायची. आता एकदाही नाही. सगळं शांत आहे. मनापासून आभार.'

"कुठून आलंय?" मी विचारलं.

"लिहिलं नाहीये."

"विचार त्यांना. तो ड्रायव्हर लगेच काढा म्हणावं."

त्याने लिहिलं, पाठवलं. मग आम्ही दोघं त्या बाकावर पडद्याकडे बघत बसलो. उत्तर आलं नाही. मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर बोट ठेवलं आणि आकडा बदलेपर्यंत काढलं नाही.